नाशिक लेण्यातलं ‘शंभराला एक’ व्याज : २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण कसे पुरतात?

पांझराकाठ (धुळे)
राम राम मंडळी. अकरावीच्या वर्गाला श्रेणी (कारागिरांच्या संघटना) आणि दान हा भाग शिकवायचा आहे. त्यासाठी नाशिकच्या लेणं क्र. १० मधला उषवदाताचा लेख घेतलाय. ३००० कार्षापणांची (तेव्हाचं नाणं) अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याज वापरायची कायमची ठेव, त्यातले २००० गोवर्धनच्या कोळ्यांच्या श्रेणीकडे शंभराला एक या दरानं. मी मांडलं तर वर्षाला २० येतात. भिक्खू २०, म्हणजे माणशी एक. लेखात तर माणशी १२ असं स्पष्ट आहे. चूक कुठे? दुसरी शंका : क्षत्रप म्हणजे शक राजा नहपानाचा जावई असलेल्या उषवदातानं पैसा थेट विहाराच्या हाती का दिला नाही? आणि खान्देशातल्या पोरांना जवळचं वाटेल असं काही यात असलं तर तेही सांगा.

गिरणाथडी (चाळीसगाव)
जिभाऊ, दर महिन्याचा आहे, वर्षाचा नव्हे. प्राचीन लेखांत आणि स्मृतींत व्याज मासिकच मोजतात. फळ्यावर असं मांडा :

२००० म्हणजे २० शेकडे. शेकडा १ प्रमाणे महिन्याला २०. बारा महिन्यांचे २४०. भागिले २० भिक्खू, प्रत्येकी १२. लेखातला शब्दच ‘चिवरिक बारसक’, म्हणजे चीवरासाठी (भिक्खूच्या वस्त्रासाठी) बारा. एक पैसाही उरत नाही. आधी गरज ठरवली आणि मग त्या मापानं मुद्दल काढलं, हे उघड दिसतं.

उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे ‘पायून पडिकशत’ दरानं. ‘पायून’ म्हणजे आपलं पाऊण. महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. हे ‘कुशणमूला’साठी. किरकोळ खर्च असा अर्थ बहुतेक जण लावतात, पण शब्दावर वाद आहे, वर्गात ठासून सांगू नका.

पोरं चक्रवाढ लावतील, ती इथं लागू नाही. व्याज दरसाल खर्ची पडतं, मुद्दल आहे तिथंच राहतं. ‘अपडिदातवा वधिभोजा’ याचा अर्थच तो : रक्कम परत करायची नाही, वाढ तेवढी खायची.

आणि मोठी दुरुस्ती : कोलिक म्हणजे कोळी नव्हेत. संस्कृत कौलिक, म्हणजे विणकर. चीवराचा पैसा विणकरांकडे, जोडणी सरळ आहे. ‘कोळी’ म्हटलंत की लेखाचा अर्धा अर्थ गेला.

जाता जाता : दोन हजार लेखात ‘सहस्राणि बे’ असे लिहिलेत. बे दुणे चार म्हणणाऱ्या पोराला हे दाखवा, वेगळं काही सांगावं लागणार नाही.

तापीतीर (शिरपूर)
हिशेब वर आलाच आहे. ‘विहाराच्या हाती का नाही’ यावर लिहितो.

रोख दिली की संपते. पैसा धंद्यात फिरला तरच दरसाल काही हाती येतं, आणि तो फिरवायची सोय कारागिरांकडे. सूत घ्यायला भांडवल लागतं, कापड विकलं की पैसा सुटतो. १२ टक्के देऊनही त्यांना परवडत असणार, कारण बाहेर पैसा त्याहून महाग होता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त धर्म्य व्याज महिना शेकडा सव्वा पण, म्हणजे वर्षाला १५ टक्के. व्यापाऱ्यांना शेकडा ५, जंगलातून माल नेणाऱ्यांना १०, समुद्रावर जाणाऱ्यांना २०. हे सगळे महिन्याचे दर. धोका वाढेल तसा दर वाढतो, हा तक्ता वर्गात जरूर द्या.

फक्त श्रेणीला ‘बँक’ म्हणू नका. बऱ्याच गाईडांत तसं छापलेलं असतं. बँक एकाची ठेव दुसऱ्याला कर्जाऊ देते. हे विणकर तो पैसा स्वतःच्याच धंद्यात लावत असावेत, असं मानणं लेखाला धरून आहे.

हमी कशाची? सगळं दान निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवलं आणि ‘फलकवारा’त, म्हणजे नोंदणीच्या कचेरीत, रीतीप्रमाणे नोंदवलं, असं लेखाच्या शेवटी आहे. मला या लेखातली सगळ्यांत मोलाची ओळ हीच वाटते. सत्तेतला माणूस आपल्या दानाची राखण राजाच्या कोठारावर सोपवत नाही, गावच्या सभेवर आणि नोंदीवर सोपवतो. पाठ्यपुस्तकातलं ‘राजा सर्वसत्ताधीश’ हे वाक्य इथं अडखळतं.

बिघडतं कुठे? श्रेणी उठून गेली तर. लाट देशातले, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या पलीकडच्या दक्षिण गुजरातेतले, रेशमी विणकर दशपूरला, आजच्या मंदसोरला गेले. त्यांनी मालव संवत ४९३ मध्ये तिथं सूर्यमंदिर बांधलं. त्यांच्यातल्या काहींनी विणकाम सोडून धनुर्विद्या, ज्योतिष असले मार्ग धरल्याचं त्यांच्याच लेखात आहे. मागे अशी कुणाची ठेव असली तर तिचं काय होणार, हा प्रश्न मुलांनाच विचारा. म्हणूनच रक्कम दोन श्रेणींत विभागली असावी, असं माझं मत.

नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधासाठी विष्णुदत्ता या उपासिकेनं ठेव ठेवली, ती आणखी जास्त ठिकाणी : कुलरिकांकडे (हे कुंभार असावेत) १०००, ओदयंत्रिकांकडे (पाण्याची यंत्रं करणारे असावेत) २०००, शिवाय तिलपिषक म्हणजे तेली. अहिराणीचं नाव ज्या आभीरांशी जोडतात ते हेच. खान्देशच्या वर्गात याहून जवळचं काय हवं?

गिरणाथडी (चाळीसगाव)
तापीतीर, विभागणीबद्दल पटतं. पण दोन दर का, हे त्यातून सुटत नाही. पाऊण टक्क्यावर ठेव घेणारी श्रेणी जास्त भरवशाची असेल, म्हणून तिनं कमी दर मान्य करवून घेतला, असंही असू शकेल. लेख कारण देत नाही.

पांझराकाठ (धुळे)
फारच कामाचं. मग रोख ठेवीपेक्षा जमीन देणं सुरक्षित नव्हतं का? जमीन तर उठून जात नाही!

तापीतीर (शिरपूर)
जमीन नाही, माणसं उठून जातात. लेणं क्र. ३ मध्ये याचंच उत्तर आहे.

गौतमीपुत्र सातकर्णीनं वर्ष १८ मध्ये गोवर्धनचा अमात्य विण्हुपालित याला हुकूम पाठवला : अपरककडी गावातलं, आजवर उषभदाताकडे (हा आपला उषवदातच असावा) असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्खूंना द्या. सोबत सवलती. ‘अपावेस’, राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही. ‘अनोमस’, हात लावायचा नाही. ‘अलोणखादक’, मिठासाठी खणायचं नाही. ‘अरठसविनयिक’, मुलखाच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. ही यादी उलटी वाचायला शिकवा. जे करू नका म्हणून लिहावं लागलं, ते इतर गावांत सर्रास होत होतं.

सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, नवा हुकूम. या वेळी सोबत राजमाता, आणि अमात्य सामक. कारण एका ओळीत : ते शेत कसलं जात नाही, ते गाव वसलेलं नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या स्वतःच्या शेतातून १०० निवर्तनं दिली. क्षेत्र निम्मं, पण शहरालगतचं. सगळा करार चोख, कसायला माणूस नाही. मुलांना निवर्तनाचे एकर करून देऊ नका, हे माप सगळीकडे सारखं नव्हतं.

सगळी जमीन राजाचीच होती असंही नाही. उषवदातानं भिक्खूंच्या जेवणासाठी एक शेत वाराहिपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना विकत घेतलं. ते त्या ब्राह्मणाच्या बापाच्या मालकीचं होतं. जावई असूनही पैसे मोजले.

गिरणाथडी (चाळीसगाव)
खान्देशचा धागा : त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात उषवदातानं इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे. काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया. पण त्याची नाव प्रकाश्याला होती असं सांगून टाकू नका. बाकीच्या नद्या पार, दमण, डहाणूकडच्या, तेव्हा तापीचा मुखाकडचा भागच जास्त जुळतो. प्रकाश्याला तापी-गोमाई संगमावर १९५५ च्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती मिळाली, ते स्वतंत्र सांगा.

सहल काढायची तर पितळखोऱ्याची लेणी. ती कन्नड तालुक्यात असली तरी चाळीसगावहून जवळ. तिथल्या खांबांवरचे दाते पैठणचे : गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्याच्या व्यापारी कुळातला मितदेव, संघकाचे मुलगे. राजवैद्य मगिलाचंही दान आहे. यक्षमूर्तीच्या हातावर ‘कण्हदास हिरण्यकारानं केली’ असं कोरलंय, म्हणजे सोनारानं दगड घडवला. मूर्ती मात्र आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पोरांना आधीच सांगा.

पांझराकाठ (धुळे)
१२ कार्षापण म्हणजे आजचे किती रुपये, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार. काय सांगू?

तापीतीर (शिरपूर)
रुपयांत नको. चांदीचा जुना आहत (ठसे मारून केलेला) कार्षापण ३२ गुंजांचा, साधारण साडेतीन ग्रॅम. नहपानाची चांदीची नाणी त्याहून हलकी, आणि लेखातलं नाणं नक्की कुठलं हे वजनासकट लिहिलेलं नाही. त्याऐवजी लेखातलाच दर वापरा : ३५ कार्षापणांना एक सुवर्ण (सोन्याचं नाणं). उषवदातानं ७०,००० कार्षापण दिले, त्याचे २००० सुवर्ण होतात असं तिथंच लिहिलंय, पोरांना भागाकार करून ताळा घेऊ द्या. त्या हिशेबानं भिक्खूचं वर्षाचं कापड सुवर्णाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त.

लेखात दिलेलं वर्ष ४२ शक संवताचं मानलं तर इ.स. १२०. काही अभ्यासक ते राज्यवर्ष धरतात, तेव्हा फळ्यावर नुसतं ‘वर्ष ४२’ लिहा.