मदत हवी आहे: पेनड्राइव्ह एलएसयूएसबीमध्ये दिसतो, एलएसबीएलकेमध्ये मात्र गायब

मंडळी, दोन तास डोकं खाजवतोय. लॅपटॉपवर आर्च लिनक्स आहे, पूर्ण डेस्कटॉप नाही, नुसता विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम). त्यामुळे पेनड्राइव्ह आपोआप उघडत नाही, हातानेच माउंट करतो (कमांड देऊन फोल्डरला जोडतो). ६४ जीबीचा आहे, एक्सफॅट फाइल सिस्टिममध्ये. काल रात्रीपर्यंत सुरळीत चालू होता.

आज लावला तर एलएसयूएसबीच्या (यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) यादीत नाव येतं, पण एलएसबीएलकेमध्ये (डिस्क दाखवणारी कमांड) फक्त लॅपटॉपच्या आतली एनव्हीएमई डिस्क. डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या संदेशांची नोंद) 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७', मग प्रॉडक्ट, मॅन्युफॅक्चरर, सिरियल नंबर आणि पुढे चिडीचूप. एरवी त्याखाली 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस डिटेक्टेड' अशी ओळ येते, ती आलीच नाही.

पोर्ट बदलून झाले. त्याच पोर्टात माउस चालतो. दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्ह उघडतो, म्हणजे तो मेलेला नाही. फॉरमॅट करा असं कृपया सांगू नका. आत फोटो आहेत, आणि जे दिसतच नाही ते फॉरमॅट तरी कसं करणार?

प्रतिसाद १:
आज अपडेट मारून रीस्टार्ट न करता तसेच बसला आहात का? 'यूनेम -आर' (चालू कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची आवृत्ती) काय सांगतं आणि /लिब/मॉड्यूल्समध्ये (इथे कर्नलची मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हर वगैरे असतात) कोणतं फोल्डर आहे, ते पडताळून पाहा.

धागाकर्ता:
सकाळी मशीन सुरू केल्या केल्या अपडेट केलं होतं, खरंय. यूनेम म्हणतं ६.१२.८, फोल्डर आहे ६.१२.९ चं. आणि 'मॉडप्रोब यूएसबी-स्टोरेज' (पेनड्राइव्हचा ड्रायव्हर चढवायची कमांड) केलं तर मॉड्यूल सापडत नाही म्हणून ओरडतं.

प्रतिसाद १:
मग चोर सापडला. चालू कर्नल जुना, आणि त्याची मॉड्यूल्स अपडेटने पुसून टाकली. माउसचा ड्रायव्हर आधीच मेमरीत होता म्हणून तो चालतो. पेनड्राइव्हचा ड्रायव्हर लावल्यावर डिस्कवरून उचलायचा असतो, आणि तिथे आता तो नाही. एलएसयूएसबी फक्त यूएसबीवर कोण आलंय ते दाखवतं; एलएसबीएलकेमध्ये यायला ड्रायव्हर लागतो. रीस्टार्ट करा.

धागाकर्ता:
आला! पण एसडीए या नावाने आला, आतलीच डिस्क वाटून क्षणभर पोटात गोळाच आला. आतली डिस्क एनव्हीएमई म्हणजे एसडीए रिकामंच होतं, हे नंतर सुचलं. साइझ बघून खात्री केली, ५७.७ जी.
आता नवीन दुखणं: सुडो लावून (अ‍ॅडमिन म्हणून) /डेव्ह/एसडीए१ माउंट केलं, पण आत लिहिता येत नाही. चोन (फाइलचा मालक बदलायची कमांड) केलं तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'.

प्रतिसाद २:
एक्सफॅटमध्ये मालकाची नोंदच नसते, चोन बदलणार काय? मालक माउंट करतानाच ठरतो. अनमाउंट करून '-ओ यूआयडी=१०००' देऊन परत माउंट करा (यूआयडी म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक; तुमचा आकडा 'आयडी -यू'ने कळेल). नाहीतर सरळ 'यूडिस्क्ससीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीए१' वापरा, सुडोची कटकटच नको. मी कित्येक वर्षं तेच वापरतो.

धागाकर्ता:
अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' आलं. एलएसओएफ (कोण काय उघडून बसलंय ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर दोषी माझाच टर्मिनल, 'सीडी' कमांडने त्याच फोल्डरात जाऊन बसलेला. बाहेर आलो, यूडिस्क्ससीटीएलने माउंट केलं, फाइल लिहिली गेली. दोघांचेही आभार.