पन्नाशीत जुनं उकरून काय मिळतं? – अण्णांना उत्तर

डिचोलीची: काल अण्णांनी लिहिलं की लहानपणी झालेल्या अत्याचारासाठी पन्नाशीत थेरपी घेणं हे पैशाचे चोचले, देवाला गाऱ्हाणं घालावं आणि मोकळं व्हावं. मला रात्रभर झोप लागली नाही. मी नऊ वर्षांची होते, तो घरातलाच होता. गाऱ्हाणं आईने घातलंच होतं. त्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो माझ्याच पंगतीला जेवायला होता. बेचाळिसाव्या वर्षी मी समुपदेशकाकडे गेले. पहिले चार महिने तिने त्या प्रसंगाचं नावही काढलं नाही. झोप कशी लागते, कोण घरात आलं की अंग आखडतं, तेव्हा श्वास कसा सांभाळायचा, एवढंच. आधी सुरक्षित वाटायला हवं, आठवणी नंतर. याला उकरणं म्हणतात?

अण्णा, सांखळी: माझा भाऊ सहा महिने समुपदेशकाकडे जात होता. पहिल्याच दिवशी सगळं वदवून घेतलं त्याच्याकडून. जास्तच बिघडला. आमच्या पिढीने सोसलं आणि संसार केले.

पेडणेकर: सोसलं? माझ्या बाबांनी दारूत बुडवलं, आणि मार आम्ही खाल्ला. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट आपल्या अनाथालयातल्या मुलांवर अत्याचार करतो हे उघडं पडलं. तिथली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत असतील. त्यांनाही गाऱ्हाणंच सांगणार? मात्र पणजीतले समुपदेशक इंग्रजीत विचारतात, तिथे माझ्यासारखा गप्पच बसतो. मराठीत विचारणारं कुणी का नाही?

फोंड्याची: मराठीच का? कोकणीत विचारलं तर कळत नाही? 1987 च्या कायद्यापासून गोव्याची राजभाषा आहे ती.

पेडणेकर: त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, ते सोयीने विसरता. मी शाळा मराठीत शिकलो, भजन मराठीत म्हणतो.

फोंड्याची: आणि आईशी भांडता कुठल्या भाषेत?

पेडणेकर: माझी आई मध्ये आणू नका!

नर्सबाय: पुरे. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशन शिकवून सहा ते आठ बैठकांत नैराश्यावर उपचार झाले, 2017 मध्ये त्याचा अभ्यासही छापून आला. ते नैराश्यापुरतं होतं, मान्य. पण गावातलंच माणूस, गावचीच बोली, हे जमतं. तोवर बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन आहे.

अण्णा, सांखळी: 'चोचले' मागे घेतो. भावाच्या बाबतीत घाई झाली, तेही खरं असेल. बाकी मत कायम.

डिचोलीची: माझी समुपदेशक कोकणीत विचारते, मी मराठीत सांगते. त्या माणसाशी माझं नातं काय, तो शब्द अजून दोन्हींत तोंडातून निघत नाही. गुरुवारी पुन्हा जायचं आहे.