अलायस दिला तरी ४०३ फॉरबिडन, डिस्क बाहेरची आहे म्हणून का?

लालबागची_ताई
आमच्या मंडळाचं ऑफिस म्हणजे चाळीच्या जिन्याखालची खोली. तिथल्या जुन्या पीसीवर उबुंटू २२.०४ आणि अपाची २.४ हा वेब सर्व्हर आहे. गणपतीचे जुने फोटो स्कॅन करून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवलेत. डिस्क एनटीएफएस, कारण खजिनदारांना ती घरी विंडोजला लावायची असते. ऑफिसच्या वायफायवर मोबाइलमध्ये फोटो दिसावेत, एवढंच हवंय. ‘/फोटो’ असा अलायस (ब्राउझरमध्ये टाकायचा छोटा पत्ता) डिस्कमधल्या फोल्डरला दिला, कॉन्फिगमधल्या त्याच्या डिरेक्टरी ब्लॉकमध्ये ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ टाकलं. कॉन्फिगटेस्ट ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतो, रीलोडही केलं. तरी ४०३, म्हणजे ‘बघायला परवानगी नाही’! आगमनाआधी उरकायला हवं, मग त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते.

पळापळ
डिस्कवर चमॉड -आर ७७७ मारा, सगळ्यांना सगळी परवानगी, विषय संपला.

कुर्ल्याचा_सिसॲडमिन
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एनटीएफएस नेहमीसारखी माउंट असेल (सिस्टिमला जोडलेली असेल) तर तिच्यावर चमॉड लागूच होत नाही. ताई, एरर लॉगची शेवटची ओळ टाका. ४०३ दिसायला एकच, कारणं वेगवेगळी.

लालबागची_ताई
एएच०००३५ आहे. पुढे ‘सर्च परमिशन्स आर मिसिंग ऑन अ कंपोनंट ऑफ द पाथ’.

कुर्ल्याचा_सिसॲडमिन
मग कॉन्फिगला हात लावू नका. तिथे अडलं असतं तर एएच०१६३० आला असता. तुमची डिस्क फाइल मॅनेजरमधून आपोआप माउंट होते ना? ती ‘/मीडिया/तुमचा युजर’ याखाली जाते. या युजरच्या फोल्डरवर ‘एलएस -एलडी’ मारून बघा. मालक रूट, आणि परवानग्यांच्या शेवटी बारीकसं + दिसेल. ती एसीएल, म्हणजे कोणाला काय मुभा याची जादा यादी. आत शिरायची मुभा फक्त लॉगिन केलेल्या युजरला. अपाची चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरने, त्याला दारातच अडवलं जातं. आतले फोटो सगळ्यांना खुले असून काय उपयोग?

डिस्क अनमाउंट करा, ‘/एसआरव्ही’खाली एक फोल्डर बनवा आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेली फाइल) डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, घालून तिथे माउंट करा. ‘नोफेल’ विसरू नका, नाहीतर डिस्क खजिनदारांच्या घरी असताना पीसी बूट होताना अडकेल. नवा पाथ अलायस आणि डिरेक्टरी ब्लॉक, दोन्हीकडे बदला.

गिरगावकर
अलायसमध्ये ‘/फोटो’च्या शेवटी स्लॅश देऊ नका. दिलात तर स्लॅशशिवाय पत्ता टाकणाऱ्याला अलायस लागत नाही, ४०४ मिळतो. आमच्या वाचनालयात निम्मे लोक तसाच टाकतात.

लालबागची_ताई
दादा, एकेका फोटोची लिंक उघडली! १९८२च्या संपाच्या वर्षीची मिरवणूक मोबाइलवर बघून आमचे अध्यक्ष खुर्चीतून उठेनात. पण नुसतं ‘/फोटो/’ टाकलं की परत ४०३. लॉगमध्ये आता एएच०१२७६.

कुर्ल्याचा_सिसॲडमिन
हा वेगळा. फोल्डरमध्ये इंडेक्स फाइल नाही आणि यादी दाखवायची परवानगीही नाही. डिरेक्टरी ब्लॉकमध्ये ‘ऑप्शन्स +इंडेक्सेस’ लिहा, रीलोड करा. फक्त अलायस फोटोंच्याच फोल्डरला ठेवा, अख्ख्या डिस्कला नको. वर्गणीच्या एक्सेल शीट त्याच डिस्कवर असणार, हे मी पैजेवर सांगतो.

लालबागची_ताई
आहेत 😄 यादी दिसतेय आता.