भिंत माझी, बाग शेजाऱ्याची: दुरुस्तीसाठी आत जाण्याचा हक्क असावा का?

धागाकर्ता: घराची मागची भिंत थेट हद्दीवर आहे. बाहेरून भेगा पडल्यात, ओल आत उतरतेय. शिडी लावायला जागा एकच, शेजाऱ्यांची बाग, आणि ते ठाम नकार देतात. माझ्या मते इथे नकाराचा अधिकारच नसावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९२ चा वेगळा कायदा आहे. इमारत टिकवण्यासाठी काम गरजेचं असेल आणि शेजारच्या जमिनीत गेल्याशिवाय ते होत नसेल किंवा फारच अवघड होत असेल, तर न्यायालय प्रवेशाचा आदेश देतं. जर्मनीच्या अनेक राज्यांत तर 'हातोडा आणि शिडीचा हक्क' याच नावाची तरतूद आहे.

प्रतिसाद १: साफ विरोध. हद्दीपर्यंत बांधताना देखभालीचा विचार का केला नाही? परांचीखाली माती दबते, मुळं गुदमरतात, सिमेंटचं पाणी मुरतं ते वेगळंच. गवंडी आठवड्यात निघून जातात, झाड पुन्हा उभं राहायला वर्षं लागतात.

धागाकर्ता: बांधणारा मी नाही, घर असंच विकत घेतलंय. आणि भिंत ढासळली तर ती तुमच्याच बागेत पडणार ना?

प्रतिसाद २: नकारामागे बहुतेक वेळा झाडं नसतात, वहिवाटीची धास्ती असते. ती अगदीच खोटी नाही. आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, २० वर्षं उघडपणे, बिनहरकत आणि हक्क म्हणून केलेल्या वापरातून कायमचा हक्क तयार होऊ शकतो. पण परवानगी घेऊन केलेला वापर 'हक्क म्हणून' केलेला ठरत नाही. म्हणून तोंडी 'या हो' म्हणण्यापेक्षा कागदावर लिहून द्या: काम कोणतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि ही फक्त परवानगी आहे. त्या कागदाने खरं रक्षण बागवाल्याचंच होतं. गप्प राहून वर्षानुवर्षं जाऊ देणं जास्त धोक्याचं.

प्रतिसाद १: हे पटलं. मग त्यातच नुकसानभरपाईही लिहा, आणि अनामत काम सुरू होण्याआधी.

धागाकर्ता: अनामत मान्य. इंग्लंडमधलं न्यायालयही भरपाईची अट घालू शकतं. पण एवढं करूनही कुणी अडून बसला तर? त्यासाठी कायदा हवाच.

प्रतिसाद १: तर न्यायालयात जा, तिथे मला माझी बाजू मांडता येईल. मला न विचारता फाटक उघडण्याचा हक्क मात्र मी कधीच मान्य करणार नाही.