मदत हवी आहे: जिप्समच्या मातीवर पाण्याची टाकी

नमस्कार मंडळी. सध्या इराकमध्ये तिक्रितजवळ साइटवर आहे. टाकीचा पाया घ्यायचाय आणि मातीत जिप्सम (म्हणजे पाण्यात विरघळणारं कॅल्शियम सल्फेट) जवळपास 30 टक्के! कोरडी असताना पहार उसळते. तेच ढेकूळ काल बादलीत टाकलं, माझा चहा संपेपर्यंत चिखल. आपल्याकडची काळी माती निदान फुगते तरी, ही सरळ बसते.

जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, पण टाकी झिरपत राहिली तर वाहतं पाणी ते रोज थोडं थोडं नेणारच. इथल्याच मोसूल धरणाखाली याच दुखण्यापायी इतकी वर्षं ग्राउटिंग (पोकळ्यांत सिमेंटचा घोळ भरणं) चाललंय.

त्यात लॅबवाल्यांनी नमुने 105 अंशांवर वाळवले. जिप्सममधलं स्फटिकजलही उडालं, ओलाव्याचा आकडा फुगला. 60 अंशांवर पुन्हा करा म्हटलं तर तोंडं वाकडी.

सल्फेटरोधक सिमेंट घेतोच आहे. अडलंय ते इथे: ओडोमीटरमध्ये (मातीचा नमुना दाबून तो किती खचतो ते मोजणारं लॅबचं यंत्र) भाराखाली पाणी सोडून 24 तासांची खचण धरायची, की आठवडाभर पाणी झिरपवत ठेवून बघायचं? आणि वरची माती बदलली, तर खालच्या थरापर्यंत पाणी जाऊ नये म्हणून तुम्ही काय केलंत? प्रत्यक्ष केलेल्यांनी प्लीज सांगा, गुरुवारी डिझाइनची मीटिंग आहे.