लाल जास्वंदीचा चहा: कोणी करता का?

गौरी_सांगली
दारातली गावठी लाल जास्वंद (एकेरी, पाच पाकळ्यांची) नुसती लगडलीय. गणपतीला वाहून, शेजारी वाटूनही उरते. अँटिऑक्सिडंट भरपूर असतात म्हणून सासूबाईंना रोज चहा हवाय. बीपीची गोळी चालू आहे त्यांना. फुलं वाळवायची कशी, उकळायची का? बीपी खरंच उतरतं?

निमकर
देठ, हिरवा भाग आणि मधला तुरा काढून फक्त पाकळ्या सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो, आणि रंग गेला म्हणजे तुम्हाला हवं ते अँथोसायनिनच (लाल रंग देणारं अँटिऑक्सिडंट) गेलं. काचेच्या घट्ट बरणीत, अंधारात ठेवा. उकळू नका, गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाका. वरून लिंबू पिळलं की मस्त लालभडक होतो.

रानवाटा
वाळवण्याचं पटलं. बीपीबद्दल मात्र जरा थांबा. बाजारातला आंबट ‘हिबिस्कस टी’ जास्वंदीचा नसतो, लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या मांसल लाल आवरणाचा असतो. २०१० साली अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५ जणांवर चाचणी केली, तीही अंबाडीच्याच चहाची. रोज तीन कप, सहा आठवडे. वरचं बीपी सरासरी ७ अंकांनी उतरलं. तो आकडा जास्वंदीला चिकटवता येत नाही. दोन्हींत अँथोसायनिन आहे, पण वेगवेगळं, आणि अंबाडीतली आंबट आम्लं जास्वंदीच्या पाकळीत जवळजवळ नाहीतच.

अँटिऑक्सिडंटचे आकडेही बहुतेक परीक्षानळीतले. अर्क मिसळल्यावर एक जांभळं द्रावण किती फिकं पडतं ते मोजतात. प्यायलेल्या अँथोसायनिनचा फार थोडा भाग रक्तात पोचतो. चव आणि रंग आवडतो म्हणून खुशाल प्या, औषध म्हणून नको.

मीनल_क
घरात कोणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर जास्वंद पोटात नकोच. उंदरांवरच्या प्रयोगांत गर्भधारणेला अडथळा दिसलाय. आणि हारवाल्याकडची फुलं अजिबात नकोत, फवारणी असते.

गौरी_सांगली
बरं झालं विचारलं! मग सासूबाईंसाठी अंबाडीचीच बोंडं आणते. कुठे मिळतील?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे हिवाळ्यात बाजारात येतात. मधली बी काढून लाल आवरण वाळवायचं, वर्षभर सरबत. पण ताई, बीपीच्या गोळीसोबत रोज द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन्हींनी मिळून जास्तच उतरलं तर चक्कर यायची. जास्वंदीचं तेल करा, केसांना लावा.