दारू सुटल्यावरची सायंकाळ: हाताला काय काम द्यायचं? (अनुभव धागा)

दारू कशी लागली आणि कशी सुटली, हे इथे नको. ते बोलायच्या जागा वेगळ्या आहेत. इथे एवढंच लिहा की सायंकाळी साडेपाच ते नऊ या वेळात हात, पाय आणि डोकं कशात गुंततं, त्याला सामान काय लागतं, आणि ते कुठे फसतं. गावात होईल असंच सांगा. गिटारच्या क्लासला जायला तालुक्याची शेवटची बस आपल्याला पुरत नाही. बंदीचाही भरवसा नको. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. सहा वाजले की पाय जिकडे वळायचे तिकडेच वळतात.

त्याआधीचं एक. रोज पिणाऱ्यानं मनानंच एका दिवसात बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होऊन माणूस बरळू लागतो. यात जीव जातो. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवून औषधाखाली सोडा. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. बाकी सगळं त्यानंतर.

कास्तकार, वर्धा जिल्हा

सांदवाडीतला भाजीपाला. वावरात दिवसभर राबणाऱ्याला पुन्हा मातीच काहून, असं कोणी विचारील. वावरातलं काम सायंकाळी संपते आणि सांदवाडी घराला लागून असते, म्हणून.

सुरुवात दोन वाफ्यांवर करा, जास्त नाही. पहिल्या आठवड्यात अर्धी वाडी खोदून ठेवणारा तिसऱ्या आठवड्यात तिकडे फिरकत नाही. वाफा तीन फूट रुंद, दहा फूट लांब आणि जमिनीपासून सहा ते नऊ इंच उंच. तीन फुटांपेक्षा रुंद केला तर मधल्या तणापर्यंत हात पोचत नाही, मग माणूस वाफ्यात पाय देतो आणि काळी माती दबून दगड होते. सपाट वाफा पावसाळ्यात पाणी धरते आणि मुळं सडतात. एका वाफ्याला दोन-तीन घमेली शेणखत लागते, पण ते पूर्ण कुजलेलं पाहिजे. हाताला गरम लागते किंवा शेणाचा वास येते तोवर टाकू नका, हुमणी आणि उधळी मागोमाग येते.

एकदम सगळं पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं एकेक पट्टा: आधी मेथी, मग पालक, मग सांबार म्हणजे कोथिंबीर. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून नव्या माणसानं तिच्यापासूनच सुरू करावं. सांबाराचे धने अख्खे पेरू नका. फरशीवर टाकून चपलेनं हलके रगडा, दोन डाळी वेगळ्या झाल्या की रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी बी खोटं निघालं म्हणून वाफा उकरून टाकणारे लोक आहेत.

पाणी उन्हाळ्यात सायंकाळी द्या. हिवाळ्यात मात्र सकाळी द्या, कारण रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते. मग हिवाळ्यातल्या सायंकाळी काय करायचं? खुरपणी, विरळणी, आणि सोयाबीनचं कुटार दोन बोटं जाड पसरवायचं. कुटारानं ओल टिकते, तण दबते. खोडाला मात्र टेकू देऊ नका.

मावा, अळी दिसली तर निंबोळीचा अर्क. जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवा. पाव किलो भुकटी फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी पुरचुंडी पिळून पाच लिटर करा, त्यात दहा ग्रॅम साबण विरघळवा. उन्हात फवारला तर असर जाते, म्हणून फवारणी ऊन उतरल्यावर आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा. सहा वाजताचं काम असं आपोआप ठरते.

डुकरं आणि बकऱ्या येऊ नयेत म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण लावा. तारेत करंट सोडू नका, त्यात माणसं मरतात.

आरोग्य सेवेत काम करणारी, यवतमाळ जिल्हा

वरच्या भाऊंनी निंबोळीचं लिहिलं ते बरं केलं. त्याला जोडून: दारू नुकतीच सुटलेल्या घरात फवारणीचं औषध ठेवू नका. सुरुवातीचे आठवडे मन फार खाली जातं, रागही पटकन येतो, आणि अशा वेळी हाताशी डबा असणं हाच धोका. औषध लागेल तेवढंच आणा. उरलं तर कुलपाच्या पेटीत टाका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. परसातल्या भाजीला तसंही ते लागत नाही.

झोपेचंही सांगते. दारू सुटली की काही आठवडे झोप तुटक असते. त्यामुळे पाचनंतर चहा नको, आणि असा छंद नको जो रात्री बारापर्यंत जागवतो.

सुतारकाम करणारा, नागपूर जिल्हा

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी करा. काम नेमकं महिना-दीड महिना पुरतं आणि शेवटी गल्लीतलं पोरगं तो ओढत नेतं. आखाडीला, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, हात घातला तर पोळ्यापर्यंत निवांत होतो. पोळ्याच्या दिवसांत गावात बाटल्या फिरतात, तेव्हा अंगणात रंगाचा हात चालू असणं सोयीचं पडतं.

लाकूड शिवणीचं चांगलं. हलकं असतं, पटाशीला मऊ चालतं. नसेल तर फर्निचरवाल्याकडून सागाचे उरलेले तुकडे घ्या. जंगलातून तोडून आणू नका. लाकूड वाळलेलंच पाहिजे. ओल्या लाकडाचा नंदी रंगवून झाल्यावर पोटात फाटतो.

बारा इंची नंदीला अंगासाठी १० × ४ × ३ इंचाचा ठोकळा, पाय सव्वा इंच जाड आणि सहा इंच लांब, खाली १२ × ५ इंचाची पाऊण इंच जाड फळी, अडीच इंचाची चार चाकं. रेषा पाहून कापा. अंगाची रेषा तोंडाकडून शेपटीकडे, पायाची वरून खाली. पायाला आडवी रेषा आली की पहिल्याच ओढीला तो मोडतो. पायाच्या टोकाला पाऊण इंची खुंटी काढायची आणि पोटाला तेवढंच भोक पाडायचं. ही भोकं ठोकळा चौकोनी असतानाच पाडून घ्या. नवखा माणूस आधी अंग गोल करतो, मग गिरमिट घसरतं आणि चारही पाय चार दिशांना जातात. शिंगं आणि कान वेगळे करून फेव्हिकॉलनं बसवा. चाकाचा आस सहा मिलिमीटरच्या सळीचा, पण चाकाचं भोक आठचं ठेवा. सहाचंच ठेवलं तर रंग बसल्यावर चाक जाम.

हात थरथरत असेल तोवर वाकस आणि पटाशी नको. पहिले तीन-चार आठवडे कानस आणि पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. थरथर कमी झाली हे मनानं ठरवू नका. पेन्सिलीनं फूटभर सरळ रेघ ओढून पाहा.

आता महत्त्वाचं. फ्रेंच पॉलिश वापरू नका. ती लाख स्पिरिटमध्येच विरघळवलेली असते. खोलीभर तो वास सुटतो आणि ते स्पिरिट पोटात गेलं तर विषच आहे. थिनरसुद्धा बंद खोलीत उघडू नका. लाकडाचा वॉटर बेस प्रायमर मारा, घासा, वर पाण्यातल्याच पांढऱ्या रंगाचे दोन हात. पावसाळी हवेत दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्या. घाई केली की रंगावर बोटांचे ठसे उमटतात.

भजन मंडळ, अमरावती जिल्हा

तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्या जवळ, त्यामुळे गावोगावी सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आहेच. तिची वेळ आणि गुत्त्याची वेळ एकच. नुसतं बसून ऐकणारा मात्र आठ दिवसांत गळतो, म्हणून हातात वाद्य द्या.

खंजिरी सगळ्यात स्वस्त. घेताना घोरपडीच्या कातड्याची जुनी कोणी देऊ केली तरी घेऊ नका, वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बकरीच्या कातड्याची किंवा फायबरची घ्या. कातडं पावसाळ्यात सैल पडून फदफद वाजतं. जाळापासून हातभर दूर धरून शेका, चटका लागला तर तडकतं. आधी केहरव्याच्या आठ मात्रा मांडीवर पक्क्या करा: धा गे ना ती, न क धी न. लय वाढवायची घाई नको. टाळकरी पुढे पळाले तरी आपण जागेवर राहायचं, हेच खरं शिकणं.

ज्याला जास्त धीर आहे त्यानं पखवाजाकडे जावं. डाव्या बाजूला दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. कणीक सैल भिजवली तर वाजवताना उडते, घट्ट भिजवली तर आवाज बसतो. पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल, मधोमध, पातळ कडा करून. वाजवून झालं की ताबडतोब खरवडून पुसा. तशीच राहिली की रात्री उंदीर कातड्यासकट खातात. मांडणी आणि पुसणी धरून प्रार्थनेच्या आधी-नंतर अर्धा-पाऊण तास त्यातच जातो, आणि लोक आपल्यासाठी थांबलेले असतात.

रात्रभरच्या जागराला पहिल्या वर्षी जाऊ नका. मंडपामागे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा कार्तिकातला काकडा धरा. पहाटे उठायचं म्हटलं की माणूस नऊला झोपतो.

व्हॉलीबॉलवाला, चंद्रपूर जिल्हा

मैदान १८ × ९ मीटर, पुरुषांची जाळी २.४३ मीटर. काळ्या जमिनीवर थेट खेळू नका, भेगांत पाय मुरगळतो. चार इंच मुरूम टाका. नुसत्या मैदानाला ट्रॅक्टरच्या सात-आठ ट्रॉल्या लागतात, दबून कमी होतो म्हणून एक जास्तीची धरा. मुरूम उचलायला तहसीलची परवानगी घ्या, नाहीतर ट्रॅक्टर अडकतो. पाणी मारून दोन दिवसांनी रोलर फिरवा. ओल्यावरच फिरवला तर मुरूम रोलरला चिकटून सालं निघतात.

चाळिशीच्या पुढच्यांनी आधी बीपी तपासून घ्यावं आणि पहिला महिना मागच्या रांगेत खेळावं. उडी नको.

पैजेच्या मॅचपासून दूर. हरणारा पार्टी देतो आणि पार्टी कशाची ते सांगायला नको.

कॅरमबद्दल, थोडक्यात

बोर्ड पंचायतीत पडलाच असेल. बोरिक पावडर चिमूटभर पुरे, जास्त टाकली की स्ट्रायकर तरंगतो. अडचण खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची. दारू सुटलेला माणूस पानठेल्याजवळ कॅरम खेळायला बसला की दिवसाला एक असलेला खर्रा चारवर जातो. बोर्ड ठेल्यापासून उचला, शाळेच्या व्हरांड्यात न्या. तोंड चालूच पाहिजे असेल तर फुटाणे.

बचतगटातली, भंडारा जिल्हा

छंदाआधी पोट. सायंकाळी पाच-साडेपाचला पोटात काही पडलं पाहिजे: फुटाणे-गूळ, उकडलेल्या शेंगा, पोहे, काहीही. रिकाम्या पोटी आठवण जास्त येते आणि आपल्याकडे पुरुष दुपारनंतर थेट रात्री नऊला जेवतात. जेवण साडेसातला करा.

बाजाराच्या दिवशी हातात पैसे असतात. त्या दिवशी बाजार सकाळीच उरका. सायंकाळचा छंद त्या दिवशी अजिबात चुकवायचा नाही, बाकी एखाद दिवस चुकला तरी चालेल.

आणि घरच्यांनी आल्याबरोबर तोंड हुंगू नये. भजनातून आलेल्या माणसाला रोज हुंगलं तर तो भजनाला जाणं सोडतो. काय वाजवलं ते विचारा.

तलावाकाठचा, गोंदिया जिल्हा

गरी टाकून मासे धरण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, मी लिहितो, पण जपून. मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव, बहुतेक मच्छीमार सोसायट्यांकडे असतात, आधी त्यांची परवानगी. आमिषाला मरळसाठी गांडूळ, रोहूसाठी कणकेचा गोळा.  सायंकाळी मात्र जाऊ नका, कारण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दारूच्या बैठकी तेव्हाच बसतात. जायचं तर पहाटे.

सायंकाळीच तलाव पाहिजे असेल तर गरी घरी ठेवून पक्षी पाहा, आणि पाळीऐवजी धुऱ्याच्या बाजूनं. आपल्या भागात सारस आहेत, धानाच्या बांध्यांत जोडीनं चरताना दिसतात. हिवाळ्यात पट्टकादंब आणि चक्रवाकही येतात. दुर्बीण नंतर घ्या, घ्याल तेव्हा ८ × ४० ची. १२ किंवा २० पटीची हातात हलते, काही दिसत नाही. तोवर वहीत तारीख, वेळ, जागा, संख्या आणि पक्षी काय करत होता एवढं लिहा. सारसाचं घरटं दिसलं तर लांबून पाहा, फोटो टाकून जागा सांगू नका, आणि वनविभागाला कळवा. बांधीत उतरताना शेतकऱ्याला विचारा. धान निसवायच्या वेळी बांधीत पाय दिला तर तो दुसऱ्यांदा उभं करत नाही.